जोडीदाराचा पेपर

ती: परत सांग. पाइप प्लास्टिकचा आहे. शेजारच्या दुकानात पंप चालू आहे. यंत्र म्हणतंय, इथे जमिनीखाली गळती आहे. तू काय करणार?

तो: खणणार.

ती: काय?

तो: रस्ता खणणार. यंत्र म्हणतंय ना? एवढं हुशार यंत्र, त्याच्यापुढे मी कोण?

ती: आणि हे तू पेपरात लिहिणार?

तो: वेळ उरला तर चित्रही काढेन. खड्डा, आणि खड्ड्यात मी.

ती: थोड्या वेळात पेपर आहे तुझा. तिसरा आणि शेवटचा. तुला मस्करी सुचतेय?

तो: सकाळपासून चारदा पेन तपासून झालं. मस्करी केली की जरा धीर येतो.

ती: फोन सरळ धर आधी. मला तुझा चेहरा दिसत नाहीये, पंखा दिसतोय.

तो: हात दुखतो.

ती: हात नाही दुखत. खोटं बोलायचं असलं की तू फोन पंख्याकडे वळवतोस. तीन वर्षांत त्या पंख्याची पाती मला पाठ झालीत. चेहरा दाखव आणि खरं उत्तर दे. एकदाच दे, मग नाही विचारणार.

तो: ...दुकानदाराला पंप बंद करायला सांगेन. चहा पिऊन येईन तोवर. मग परत आवाज घेईन. आवाज गेला असेल तर तो पंपाचा होता. तो टाकून नाही द्यायचा. ‘ही गळती नाही’ असं त्याच्यावर लिहून यंत्राला परत शिकवायला ठेवायचा. आणि पंप बंद होऊनही आवाज राहिला, तर मग कुदळ आणायची.

ती: अगदी बरोबर.

तो: आलं का बरोबर? चुकून आलं असेल.

ती: हाच प्रश्न मागच्या पेपरात होता.

तो: होता का? आठवत नाही.

ती: होता. त्याच्याखाली तू एकच शब्द लिहिलायस. ‘खणावे.’

तो: तुला काय माहीत मी काय लिहिलं? एका देशाचे पेपर दुसऱ्या देशाची माणसं तपासतात ना? वर नावही नसतं.

ती: नसतं. अक्षर असतं. काल पेपर तपासणाऱ्या बाई इथे केंद्रात जेवायला माझ्या टेबलावर येऊन बसल्या. जुने पेपर चाळत होत्या, हातात मागच्या खेपेचा एक होता. आधी हसत होत्या. म्हणाल्या, ‘तुमच्याकडच्या एका माणसाची गंमत दाखवते.’ सुरुवातीला वीस प्रश्न होते, नुसती हो किंवा नाहीवर खूण करायची. डोळे मिटून कुठेही खूण केली तरी दहाएक बरोबर येतात. निदान आठ तरी येतात. या माणसाचे किती आले असतील?

तो: किती?

ती: एकही नाही. वीसच्या वीस चूक.

तो: नशीबच फुटकं एकेकाचं.

ती: मग त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, ‘ज्याला वीसच्या वीस चुकवता येतात, त्याला वीसच्या वीस येत असतात. या माणसाला पास व्हायचं नाहीये. का व्हायचं नसेल, तुम्हाला काही कल्पना?’ मी अक्षर बघितलं आणि तोंडात घास तसाच राहिला माझा.

तो: तू काय म्हणालीस त्यांना?

ती: म्हणाले, मला काय माहीत. दुसऱ्या देशातल्या बाईसमोर नवऱ्याची लाज कशाला काढू?

आई: कोण आहे रे फोनवर? मास्तरीण का? स्पीकरवर टाक. मलाही ऐकू दे काय शिकवणी चाललीय.

तो: आई, तू जा ना आत.

आई: आतच होते इतका वेळ. भिंती पातळ आहेत या घराच्या. काय गं, कळलं का शेवटी तुला?

ती: आई, तुम्हाला माहीत होतं?

आई: मला कोणी काही सांगत नाही. पण मागच्या वेळी नापास झाला त्या दिवशी दोनदा जेवला हा. पहिल्यांदा नापास झाला होता तेव्हा दोन दिवस तोंड पाडून बसला होता, ते नापास होणं मला ओळखू आलं. हे दुसरं काही वेगळंच होतं. मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

तो: आई!

आई: पण एक आहे हं. वीसच्या वीस चुकवायचे म्हणजे डोकं लागतं. ते माझ्या पोराला आहे. बापावर नाही गेला.

ती: आई, हसू नका हो. मला रडू येतंय.

आई: मग रड. त्याच्यासमोर रड. मी नियम केला का हा? म्हणे तू जा, शीक, आणि मागे राहिलेल्या एकाला रोज शिकव. त्याला म्हणायचं जोडीदार. हा जोडीदार पास झाला, की इथली लॅब याच्या ताब्यात, आणि तुला तिथेच राहायची मोकळीक. आणि हा तिन्ही वेळा नापास झाला, तर तू सगळं सोडून परत यायचं आणि इथलं स्वतः सांभाळायचं. कोण असेल हा नियम करणारा? त्याला बायको नसणार, सांगून ठेवते.

ती: नियम चांगलाच आहे, आई. दुसऱ्या देशांतली किती माणसं शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. मागे कोणी शिकलेलं राहिलंच नाही. म्हणून सात देशांनी बसून ठरवलं, जाणाऱ्याने आधी मागे एक जण तयार करायचा.

आई: ठरवलं ते बरंच केलं. पण नवरा-बायकोची जोडी लावू नये, एवढं कोणाला सुचलं नाही का?

तो: ते आमच्या खात्याने लावलं. दोघंही पाणीपुरवठ्यात, दोघांनाही गळती कळते, एकाच घरात राहतात, म्हणजे फोनचा खर्च वाचेल. साहेब असंच म्हणाले होते.

ती: का केलंस तू हे?

तो: स्पीकर बंद करतो.

आई: कर, कर. मला तसंही दूध बघायचंय.

ती: गेल्या का?

तो: दारापर्यंत गेली. बोल तू.

ती: मी काय बोलू? तू बोल. लॅब वर्षभर बंद पडलीय. सगळ्या देशांनी वर्गणी काढून यंत्रं पाठवली, त्यांच्यावर धूळ बसलीय. आणि गावात अजून ते जुनं विकत आणलेलं यंत्र चालतंय, जे दुसऱ्याच कुठल्या देशातल्या लोखंडी पाइपांवर शिकलंय. त्याला आपले पाइप कळतच नाहीत. त्या न्हाव्याच्या दुकानासमोर कितीदा खणलंत तुम्ही?

तो: चारदा. आता त्याने दारात पाटी लावलीय, ‘येथे गळती नाही’. खाली सही पण केलीय.

ती: आणि टाकीमागच्या वस्तीत खरी गळती होती, तिथे ते गप्प बसलं. तिथल्या बायका अजून टँकरची वाट बघत उभ्या राहतात ना?

तो: राहतात.

ती: तुला सगळं माहीत आहे. आणि तरी तू लिहिलंस, ‘खणावे’.

तो: पहिल्यांदा खरंच नापास झालो होतो. आईची शपथ. काही डोक्यात शिरत नव्हतं. वीस वर्षं लोखंडी सळई पाइपला लावून कान देत आलो, मला काय ठाऊक यंत्राला ऐकायला कसं शिकवतात? मेल्याहून मेल्यासारखं झालं निकाल लागला तेव्हा. आणि तुला सांगितलं, तर तू काय म्हणालीस, आठवतं?

ती: नाही.

तो: तू हसलीस. म्हणालीस, ‘चला, म्हणजे आता मला घरी यावंच लागणार.’

ती: सहज म्हणाले असेन.

तो: तुझ्यासाठी सहज असेल. मी रात्रभर जागा होतो. तुझं कपाट पुसून घेतलं. माझे शर्ट त्यात कोंबले होते, ते काढले. सकाळी खात्यात जाऊन कळलं, नापास झालेल्याला आणखी दोन संधी असतात. परत आलो आणि शर्ट परत कपाटात ठेवले.

ती: हे मला कधी बोलला नाहीस.

तो: त्यात काय बोलायचं?

ती: मग पुढच्या वेळी तुला सगळं येत होतं.

तो: येत होतं. पेपर हातात घेतला आणि बघतो तर सगळं येतंय. तूच शिकवलंयस, न येऊन सांगतं कोणाला? मग विचार केला, हे बरोबर लिहिलं तर ती तिकडेच राहील. आणि दोन्ही वेळा चूक लिहिलं तर येईल. एवढं सोपं होतं बघ. वीस खुणा करायच्या होत्या फक्त.

ती: एवढं सोपं होतं, तर मला नुसतं ‘ये’ का म्हणाला नाहीस? फोन खाली आण. पंखा नकोय मला. जाताना ‘जा’ म्हणालास. अगदी तोंड भरून म्हणालास. माझी बॅग भरून दिलीस, सगळ्या गावाला सांगितलंस, माझी बायको यंत्राला आपल्या गावाचं पाणी ऐकायला शिकवणार. आणि तीन वर्षांत एकदाही ‘ये’ म्हणाला नाहीस. पेपरात खोटं लिहिलंस, पण मला म्हणाला नाहीस.

तो: म्हटलं असतं तर आली असतीस.

ती: दुसऱ्या दिवशी आले असते.

तो: म्हणून तर नाही म्हटलं. मी बोलावलं म्हणून आलीस, आणि मग पुढे कधी मन खट्टू झालं तुझं, तर ते माझ्याकडे बघून होणार. नियमाने आलीस तर दोष नियमाचा. मी आपला नामानिराळा.

ती: लबाड आहेस.

तो: आहे.

ती: आणि भित्रा.

तो: तेही आहे. अजून काही?

ती: मी इथे एकटीच्या पलंगावर झोपते. तरी भिंतीकडच्या कडेला झोपते. पलीकडे जागा ठेवून. परवा खोली झाडणाऱ्या बाईंनी विचारलं, अर्धीच चादर का चुरगळते म्हणून. हे तुला सांगितलं नव्हतं. तू विचारलंच नव्हतंस ना कधी.

तो: मी फेरीवर गेलो की अजून उजवीकडे वळून म्हणतो, ‘ऐक गं, हा आवाज ऐक.’ तुझ्या जागी आता नवीन मदतनीस असतो. तो मुकाट्याने कान लावतो. बिचाऱ्याला वाटतं, साहेबांची बोलायची पद्धतच तशी आहे.

ती: अरे देवा.

तो: हसू नकोस. सगळं खातं हसतं.

ती: ऐक. आता माझं ऐक. आज पेपर नीट लिही.

तो: नीट लिहिला तर?

ती: तर लॅब उघडेल. टाकीमागच्या वस्तीत तू जाशील, तुझ्या पाइपांवर शिकलेलं यंत्र घेऊन. आणि मला इथे कायमचं शिकवायला राहायचं का, ते विचारतील. त्याचं उत्तर मी देईन. तुझ्या चुकांनी नाही द्यायचं. नापास नवऱ्याची सुटका करायला म्हणून मला यायचं नाही. यायचं असेल तर मला येऊ दे, आणि राहायचं असेल तर राहू दे.

तो: राहणार आहेस का?

ती: माहीत नाही. खरंच माहीत नाही. मला घरी यायचंय, इतकं की कधीकधी जेवण जात नाही. आणि मला इथे राहायचंय. दोन्ही एकदम आहे, आणि दोन्ही खरं आहे.

आई: झालं का तुमचं? दूध उतू गेलं आणि कोणाचं लक्ष नाही. ए, ऊठ. पेपरला जायचंय ना? डबा घे. सूनबाई, एक सांगू का? मला तू यायला हवीच आहेस. घरात भांडायला कोणी उरलं नाही. हा भांडतच नाही. नापास होतो.

ती: आई, त्याला म्हणावं नीट लिही.

आई: ऐकलंस? आणि वीसमधली एक जरी चुकली, तर रात्री जेवायला मिळणार नाही. मुद्दाम चुकली तर उद्याही नाही.

(पुढच्या आठवड्यात. सकाळ. निकाल लागलेला आहे.)

आई: उचलला का तिने?

तो: वाजतोय अजून.

आई: केंद्रात असेल. परत लाव थोड्या वेळाने.

ती: हं, बोल, बोल. जिन्यावरून पळत आले.

तो: कळलं?

ती: तुझ्या आधी कळलं. त्या बाई कागद हलवत आल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या त्या माणसाला एकाएकी अक्कल कुठून आली?’ या वेळी मी सांगितलं त्यांना.

तो: काय सांगितलंस?

ती: म्हटलं, तो माझा नवरा आहे. त्या खुर्चीवर बसल्याच. मग म्हणाल्या, ‘मग ते वीस प्रश्न मला फ्रेम करून द्या. तीन वर्षांत मला असं पत्र कोणी लिहिलं नाही.’ त्यांचं घरही लांब आहे.

तो: एक चुकलं.

ती: पाहिलं. मुद्दाम?

तो: नाही गं. खरंच नाही आलं. निरनिराळ्या देशांचे आवाज कुठल्या प्रमाणात मिसळायचे, ते.

ती: ते मलाही येत नाही. इथे रोज त्याच्यावरून भांडणं होतात. सात देश, आणि प्रत्येकाला वाटतं यंत्राने आपलाच पाइप जास्त ऐकावा. काल दोन मास्तर एकमेकांशी बोलायचे थांबले.

आई: म्हणजे तिथेही सासवा-सुना आहेत म्हण की.

तो: आई, जरा.

आई: जाते. पण दार उघडंच राहील.

ती: लॅबचं काय झालं?

तो: साहेबांनी पेपराच्या दुसऱ्याच दिवशी किल्ली दिली, निकाल लागेपर्यंत तुला सांगायचं नव्हतं. हार घालणार होते, मी नको म्हटलं. टाकीमागच्या वस्तीत गेलो पहिल्यांदा. तीन दिवस आवाज गोळा केले. बायकांना वाटलं टँकर आला. यंत्राला शिकवलं, आणि काल त्याने एक जागा दाखवली. मी आधी सळई लावून ऐकलं. माझंही तेच म्हणणं पडलं. खणलं.

ती: मग?

तो: होती. मनगटाएवढं पाणी वाहत होतं जमिनीखाली, किती वर्षं कोणास ठाऊक. एक म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मी उजवीकडे वळून म्हणालो, ‘बघ गं.’ मदतनीस म्हणाला, ‘बघितलं साहेब.’ अगं, रडतेयस?

ती: नाही. हो. तिथे असायला हवं होतं रे मला. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी इथे बसले, ते झालं आणि मी नव्हते.

तो: होतीस. मी सांगतोय ना, उजवीकडे.

ती: न्हाव्याने पाटी काढली का?

तो: नाही म्हणाला. वर्षभर बघतो, मग काढतो. विश्वास बसायला वेळ लागतो माणसाला.

ती: ऐक. मला आज उत्तर द्यायचंय इथे. संध्याकाळी सगळे जमतील.

तो: माहीत आहे.

ती: एका नव्या देशातून सहा जण आलेत. त्यांच्याकडे लॅब तर सोड, यंत्र कधी बघितलेलं नाही कोणी. पाइपांचे आवाज फोनमध्ये भरून आणलेत. त्यात मागे मुलं खेळतायत, कोणीतरी कपडे धोपटतंय, गाड्या जातायत. इथल्या मोठ्या मास्तरांनी ऐकलं आणि म्हणाले, हे कचऱ्यात टाका, स्वच्छ आवाज आणा. ती माणसं मान खाली घालून बसली. मी म्हटलं, टाकायचं नाही. यांच्या गावात पाणी कपडे धोपटण्याच्या आवाजातच वाहतं, यंत्राने त्यातूनच ऐकायला शिकायला हवं.

तो: बरोबर आहे की.

ती: त्यांच्यात एक बाई आहे. पहिल्या दिवशी कळफलकाला बोट लावायला भीत होती. काल माझ्याशी वाद घातला तिने, आणि जिंकली. मोठे मास्तर हुशार आहेत रे, पण ज्याला कळत नाही त्याचा त्यांना राग येतो. मला नाही येत. तुला शिकवता शिकवता माझा राग संपून गेला. म्हणून तर मला ठेवायचं म्हणतात. तू जर पटकन शिकला असतास, तर मला कोणी विचारलंही नसतं.

तो: म्हणजे सगळं माझ्याच डोक्यामुळे.

ती: सगळं तुझ्याच डोक्यामुळे.

तो: चांगलं आहे. लोकांना सांगता येईल.

ती: अरे, मला तुझं ऐकायचंय. पेपर झाला, पास झालास. आता नियम मध्ये नाही. नामानिराळा राहायची सोय संपली. काय वाटतं तुला, ते बोल.

तो: तुझं काम मोठं आहे. तू...

ती: ते सोड. ते सगळे बोलतात.

तो: आईलाही जरा बरं वाटेल, तू...

ती: आईंचं नको. आई स्वतः बोलतात, त्यांना वकील लागत नाही.

आई: नाहीच लागत!

ती: पंखा दिसतोय.

तो: थांब. हं. दिसतोय का आता?

ती: दिसतोयस.

तो: ये. ये घरी. मला करमत नाही. खात्यातून घरी येतो, दार ढकलतो आणि उगाच दारात उभा राहतो. आई बाहेर गेलेली असली तर परत कुलूप लावून चक्कर मारून येतो. तीन वर्षं झाली, सवय होईल म्हणत होते सगळे. नाही झाली. ये.

ती: थांब जरा. बोलू नकोस.

तो: बरं.

आई: काय म्हणाली रे?

तो: थांब म्हणाली.

ती: ऐकलं मी. नीट ऐकलं. किती दिवस मला हे ऐकायचं होतं, तुला कळणार नाही.

तो: मग?

ती: मी येणार नाही रे. आत्ता नाही.

तो: हं.

ती: कायमची नाही राहणार. तसं सांगणार आहे त्यांना. पण हे सहा जण आपापल्या पायांवर उभे राहीपर्यंत थांबणार. वर्ष लागेल, जास्तही लागेल. खोटी तारीख देणार नाही तुला. एकदा सहज बोलले तर तू कपाट पुसून ठेवलंस.

तो: नको देऊस.

ती: रागावलास?

तो: नाही. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. पण राग नाही आला. मी तिथे असतो, त्या सहा जणांत, तर मलाही वाटलं असतं ही बाई जाऊ नये.

ती: आईंना काय सांगशील?

तो: दार उघडं आहे. सांगायचं काही शिल्लक नाही.

आई: राहा म्हणावं. पण जेव म्हणावं नीट. आवाज पातळ झालाय तिचा.

ती: जेवते, आई.

तो: एक विचारू?

ती: विचार.

तो: अभ्यास तर संपला. या वेळेला तुला फोन लावायची सवय लागलीय मला. उद्या काय म्हणून लावू?

ती: ‘ये’ म्हणायला लाव.

तो: आणि तू काय म्हणणार?

ती: मी नाही म्हणेन. तू परवा परत लाव.